तिसावा टाका

बाबांचा उजवा हात भाजला म्हणून मी महिनाभराची रजा काढून आले. भाजायला निमित्त काय, तर कपभर दुधाचं पातेलं. चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहिलेला हा माणूस. पावाचे तापलेले पत्रे तो असे उचलायचा, जसं आपण टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून बाजूला ठेवतो. तो कपभर दुधापुढे हरला.

"हात म्हातारे झाले," पट्टी बांधलेला पंजा उशीवर ठेवून बाबा म्हणाले. "पूर्वी आगच मला बिचकायची."

"फडकं का नाही घेतलंत?"

"आहे कुठं फडकं? जुनं झिरझिरीत झालंय. नवं तुझ्या आईनं अर्धंच ठेवलंय."

स्वयंपाकघराच्या दारामागे आईची पिशवी टांगलेली होती. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि त्या पिशवीला कुणी हात लावला नव्हता. मी ती उतरवली. आत क्रोशाची एक पोलादी सुई, सुती दोऱ्याच्या पाच-सहा लहान गुंड्या, आणि भांडं धरायचं अर्धं फडकं. वीतभर रुंद, अर्धी वीत उंच. एक पट्टा पांढरा, एक तांबडा, एक निळा. शेवटचा फास सुटू नये म्हणून त्यात सेफ्टी पिन अडकवलेली.

ते रंग मी ओळखले. पांढरा आत्याच्या जाकिटातून उरलेला. तांबडा दादाच्या बनियनचा. निळा माझ्या शालीचा. तळाशी एक गुंडी अजून अख्खी होती, पावाच्या कडेसारखी खरपूस बदामी. तो रंग बाबांचा. दरवर्षी भट्टीसाठी आई त्यांना असं एक फडकं विणायची आणि त्यात तो सगळ्यात शेवटी घालायची.

आमच्या घरात विणलेली वस्तू आधी पुरी होत नसे. आई सगळं विणून ठेवायची आणि शेवटचा फास उघडा सोडायची. ज्याच्यासाठी विणलं तो माणूस बूट घालून, सामान उचलून दारात उभा राहिला की मग ती येई, शेवटची गाठ मारी, दोरा दातानं तोडी आणि म्हणे, "हं, नीघ आता." बाहेर गाडीवाला भोंगे वाजवून वेडा होवो, गाठ मारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे. विणताना ती गुणगुणायची तेही तेच:

एक खांब मुका, दुसरा त्याचा भाऊ,
गाठ मारल्यावाचून दारातून नको जाऊ.

दादा परदेशी निघाला तेव्हाची गोष्ट. बनियन तयार, दादा दारात, आणि आईला खालच्या काठाशी एक सुटलेला टाका दिसला. एक! दादा म्हणाला, "आई, पँटच्या आत जाणार तो, कोण बघतंय?" आईनं ऐकून घेतलं आणि अख्खं बनियन काठापर्यंत उसवलं. परत विणून होईस्तोवर दादाची गाडी गेली. तो दुसऱ्या दिवशी निघाला. अजून फोनवर त्यावरून आईला नावं ठेवतो.

आत्याचं मात्र कुणी बोलत नाही. दवाखान्यात आत्याच्या उशाशी आई तीन दिवस तिच्या जाकिटाचा उघडा फास घेऊन बसली होती. चौथ्या दुपारी आत्या म्हणाली, "वहिनी, आता मार गाठ." आईनं मारली. तासाभरात आत्या गेली.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी पिशवी मांडीवर घेऊन मी अगदी सहज बोलून गेले, "बाबा, हे मी पुरं करते."

बाबांनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला येतं?"

"शिकेन."

"बरं," ते म्हणाले. "शीक."

त्या संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं आपले बूट पुसले, पॉलिश केलं. मला वाटलं, बसून कंटाळले असतील.

शिकायला मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे जाऊ लागले. त्यांनी शाळेत तीस वर्षं शिवण-टिपण शिकवलं होतं. आता पाठीला पट्टा होता, खुर्चीतून उठवत नव्हतं, पण जिभेला काही झालेलं नव्हतं.

"सुई खुपस. दोरा ओढ. दोन फास झाले? आता परत दोरा घे आणि दोन्हींतून बाहेर काढ. झाला मुका खांब."

"मुका का?"

"बोलत नाही म्हणून. बोलका असता तर तुझ्या नावानं ठणाणा केला असता. बघ कसा दिसतोय, जेवण न मिळाल्यासारखा."

ओळ संपली की कापड उलटं करायचं, एक साखळी घालायची आणि परत उजवीकडून निघायचं. सोपं वाटत होतं. पण प्रत्येक ओळीत तीस खांब हवेत, आणि माझे पहिल्या दिवशी एकोणतीस आले, मग अठ्ठावीस, मग सत्तावीस. काठ आत आत जायला लागला.

"शेवटचा टाका काय गिळलास?" मास्तरीणबाईंनी चष्मा वर केला. "अगं, तो साखळीच्या आड दडून बसतो. नवं माणूस दिसलं की हमखास दडतो. बोटानं काठ चाचपायचा. शेवटचा वाटतो त्याच्याही पलीकडे एक असतो."

मी सत्तावीस टाक्यांचं ते ध्यान घेऊन घरी आले आणि आईच्या खुर्चीवर ठेवलं.

आमच्या गल्लीत दुपारी दोन ते चार कुणी हलत नाही. दुकानांची दारं ओढलेली, मांजरं पायऱ्यांवर सांडलेली, नळसुद्धा गळायचा थांबतो. बाबा झोपले. मीही आडवी झाले. चार वाजता चहा ठेवला आणि सहज कापड हातात घेतलं. काठ सरळ होता.

मी मोजलं. तीस. खालची ओळ, तीस. त्याखालची, तीस.

आधी जीव भांड्यात पडला. मग वाटलं, मास्तरीणबाईंना राहवलं नसेल. दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेले, तर त्या माझ्यावरच उखडल्या.

"मी? मला इथून न्हाणीघरापर्यंत जायला दोन माणसं लागतात, आणि मी तुझ्या घरात येऊन विणू? आण इकडे."

त्यांनी कापड खिडकीशी धरलं. मग त्यांची जीभ थांबली, आणि ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ही वरची ओळ तुझी नाही," त्या हळू म्हणाल्या. "तू उजवी. ओळ संपली की कापड उलटं करतेस, म्हणून एक ओळ सुलटी दिसते, एक उलटी. हे बघ, इथं दोन्ही सुलट्या. कापड न फिरवताच परत निघालंय कुणीतरी, डावीकडून उजवीकडे. असं डावखुरं माणूसच विणतं." त्यांनी कापड माझ्या हातात असं ठेवलं, जसं दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं. "तुझी आई..."

"हो," मी म्हणाले. "डावखुरी होती."

बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. रोज संध्याकाळी ते स्वतःच कापड मागायचे, कोपऱ्याला कोपरा लावून तिरकी घडी घालायचे आणि वर किती उणं पडतं ते बोटांनी मोजायचे. कोपऱ्याला कोपरा लागला की चौकोन पुरा.

"चार बोटं राहिलं," पहिल्यांदा म्हणाले. मग, "तीन."

आणि मला दिसत होतं, ते दिसून न दिसल्यासारखं करत होते मी. बाबांनी आपला जाड कोट पोस्टमनला देऊन टाकला. रेडिओ मास्तरीणबाईंकडे पाठवला, "त्यांना बसून करमणूक." जेवायला बसले की निम्मं ताट माझ्याकडे सरकवत. न्हाव्याकडे जाऊन केस बारीक कापून आले आणि आरशात पाहून म्हणाले, "ओळखेल ना?" मी विचारलं, "कोण?" तर हसले फक्त.

दोन बोटं राहिली त्या दिवशी बूट फळीवरून उतरले आणि पायपुसण्यावर जाऊन बसले. चकचकीत, टोकं दाराकडे. बाबा मोजे घालून स्वयंपाकघरात बसले होते, गाडीची वेळ व्हायची असलेल्या माणसासारखे.

"बाबा, कुठं निघालात?"

"फडकं होऊ दे, मग."

"कुठं पण?"

"आत्याची गाठ आठवते ना तुला?" ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. तेच तर वाईट होतं. "मी आपला वाट बघत होतो, आठ महिने. आई अर्धंच टाकून गेली, मग निघायचं कसं? बरं झालं तू हातात घेतलंस."

मी कापड उचललं, पिन काढली आणि दोरा ओढला. ओळी कुरकुर करत सुटल्या. आईच्या निम्म्यापर्यंत मी सगळं उसवलं. मांडीवर रंगीत दोऱ्याचा कुरळा ढीग पडला. दुपार झाली होती, बाबा झोपायला गेले.

चार वाजता कापड खुर्चीवर होतं. दीड बोट कमी, बाकी सगळं विणलेलं. दोऱ्याचा कुरळेपणासुद्धा गेला होता. सुई हातात घेतली तर ती कोमट होती, नुकतीच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली घेऊन पडले. डोळे उघडले तेव्हा किल्ली उशाखालीच होती, कुलूप तसंच होतं. कुलूप काढलं. आत फडकं एक बोट उणं. बदामी रंग लागला होता.

मी फडकं आईच्या खुर्चीवर ठेवलं आणि पुढे जमिनीवर बसले. वयानं एवढी मोठी बाई, पण तिच्यापुढे बसलं की मी धाकटीच.

"आई, नको ना गं," मी म्हणाले. "तुला तिथं एकटं वाटत असेल. पण मला आता एवढंच माणूस आहे."

काही झालं नाही. फक्त खुर्चीच्या हातावर लोंबणारं दोऱ्याचं टोक खाली घसरलं, मांडीवरचं काम बाजूला ठेवून कुणी उठावं तसं.

मी तिथंच बसून राहिले आणि माझ्याच तोंडून तिचं गाणं यायला लागलं. पहिलं कडवं झालं, आणि मग विसरलेलं दुसरं आलं:

एक टाका सुटला, मागे फिरली माय,
सुटल्याला घेतल्याविना पुढे पडेना पाय.

दादाची गाडी चुकली होती. एका टाक्यामुळे. तो दिवसभर घरी राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही. आईच्या निम्म्यापर्यंत सगळं उसवलं आणि अगदी पहिल्याच ओळीत, काठाशी, साखळीच्या आड दडलेला तिसावा टाका जाणूनबुजून सोडला. मग वरच्या सगळ्या ओळी एकोणतिसांच्या, नीट, मन लावून विणल्या. नवशिक्या हाताला सगळी सकाळ लागली. मान आखडली. दोनच्या ठोक्याला कापड खुर्चीवर ठेवलं, तेव्हा ते एक बोटच उणं होतं, पण तळाशी एक टाका कमी.

चार वाजता पाहिलं. खालपर्यंत उसवलं होतं. सुटलेला टाका घेतला होता. पुन्हा तीस तीस करत ती वर निघाली होती, पण वेळ पुरला नव्हता. फडकं तीन बोटं मागं गेलं होतं.

मी खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून रडले. मग हसूही आलं. आई, एक टाका गं! तुला एक टाका सोडवत नाही!

त्यानंतर आमचा दोघींचा तोच उद्योग झाला. सकाळी मी, दुपारी ती. सकाळी मी चुकायची, दुपारी ती चूक काढायची. तिच्या ओळी डावीकडून, माझ्या उजवीकडून. ती असताना आम्ही इतका वेळ एका कामाला कधी बसलो नव्हतो. लहानपणी ती मला शिकवायला बघायची आणि मी पळून जायची. आता सुई उचलली की तिच्या हाताची ऊब माझ्या हाताला लागायची, आणि मला वाटे, ठेवताना माझीही तिला लागत असेल. भीती वाटायची का? वाटायची. दोन वाजत आले की मानेवरचे केस उभे राहायचे. पण आईला कुणी किती घाबरेल.

बाबा मात्र वैतागले. "काय चाललंय तुमचं दोघींचं? बुटांवर धूळ बसली."

"मी नवशिकी आहे," मी म्हणायची. "चुका होतात."

"तू नवशिकी. ती?"

"ती तुमची बायको. तुम्हीच विचारा."

महिना संपत आला. बाबांच्या हाताची पट्टी सुटली, नवी गुलाबी कातडी आली. रजा वाढवून मिळेना. मी गेल्यावर रोज सकाळी चुकणार कोण, हा एकच विचार मला खात होता. निघायच्या आदल्या दिवशी मी सुई बाबांच्या हातात दिली.

"मला?"

"तुम्हाला."

"अगं, या हातांनी पिठाचे गोळे केलेत, दोरे नाहीत."

"म्हणूनच."

त्यांना मुद्दाम चुकायची गरजच पडली नाही. पहिली ओळ बावीस टाक्यांची आली. दुसरी चोवीस. मधे एक भोक पडलं, त्यातून करंगळी जात होती. दोन माणसांच्या खांद्यांवर भार टाकून मास्तरीणबाई खास बघायला आल्या.

"भट्टीवाले, हे फडकं आहे की मासे धरायचं जाळं?"

"तुमची जीभ धरायला करतोय," बाबा म्हणाले, आणि हसले. आई गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. चार वाजता सगळं उसवलेलं होतं आणि दोरा गुंडीवर करकचून गुंडाळलेला होता.

"रागावली," बाबा म्हणाले. डोळे मिचकावले. "पाव जळला की अशीच बघायची." आणि खाली बसून पुन्हा विणायला लागले.

मी गेले. माझ्यासाठी कुणी गाठ मारली नाही, कारण या खेपेला माझ्यासाठी काही विणलेलं नव्हतं. बूट पायपुसण्यावरच होते. मी ते उचलून परत फळीवर ठेवले.

मग रोज चार वाजता माझा फोन जायचा.

"आज किती?"

"तेवीस."

"आई?"

"सगळं खोलून गेली."

हसायचो आम्ही. पावसाळा गेला, थंडी आली. बाबा जेवायला लागले. पोस्टमनकडून कोट एका थंडीपुरता उसना मागून आणला, त्याची चेष्टा गल्लीभर झाली. "आज पंचवीस," म्हणायचे. "आज सव्वीस, पण भोक नाही हं." मी म्हणायची, "अरे वा!" खरंच कौतुकानं म्हणायची. सत्तावीस आले, अठ्ठावीस आले. माणूस एखादी गोष्ट रोज करत राहिला की ती त्याला येते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

परवा चार वाजता मी विचारलं, "आज किती?"

"तीस."

मी कामाच्या जागी जिन्यात उभी होते. कठडा धरला.

"एका ओळीत?"

"सगळ्या ओळींत. आत्ता पाहिलं, तिनं आज काहीसुद्धा उसवलं नाही. उलट वरची उरलेली ओळ घालून ठेवलीय. कोपऱ्याला कोपरा लागतोय बघ. बदामी काठ छान दिसतोय." त्यांचा आवाज लांबून येत होता, खुर्चीतून येतो तसा नव्हता. "फास उघडा आहे. आता एक गाठ."

"बाबा, तुम्ही कुठं उभे आहात?"

"दारात."

"बूट?"

"एक घातलाय."

नका जाऊ, एवढेच दोन शब्द होते. पण अडवून धरायचा हक्क आहे का मला, ते कळेना. आत्याला कुणी अडवलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "एकदा परत मोजा. माझ्यासाठी. मोठ्यानं."

"मोजतो," ते म्हणाले.

आणि मोजू लागले. बेकरीत पत्र्यावरचे पाव मोजायचे त्याच चालीत, दर पाचाला थोडा दम घेत. एक, दोन, तीन. मी डोळे मिटले. अकरा. बारा. जिन्यातून कुणी वर गेलं, कुणी खाली आलं. वीस. पंचवीस. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.

ते थांबले.

खूप वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. एकच श्वास आहे ना, हे मी कान देऊन ऐकत होते.

"एकोणतीस," बाबा म्हणाले. "एक कमी आहे गं."

चाळीस वर्षांत त्यांची मोजणी कधी चुकली नव्हती. दिवसाला हजारभर पाव, आणि एकदाही नाही.

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग काय. उसवावं लागेल."

तेवढ्यात पलीकडे, त्यांच्यामागे, टेबलावर पोलादी सुई ठेवल्याचा आवाज आला. ठेवली नव्हती खरं तर, आपटली होती. बाबांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात फडकं.

"चिडली," ते पुटपुटले. मग बूट काढून फळीवर ठेवल्यासारखं काही वाजलं. आणि मग ते म्हणाले, अगदी हळू, लाडानं, फोनपासून तोंड वळवून:

"बस गं, बस जरा. पोर एकटी आहे."